शनवार तेल्यांना कुणी सांगितलं होतं?

रेवदंड्यापासून पेण-पनवेलपर्यंतच्या पट्ट्यात पूर्वी दोन तऱ्हेचे तेली होते. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली, आणि शनिवारी बंद ठेवणारे शनवार तेली. सोमवारचं कारण उघड होतं, तो महादेवाचा वार. शनिवारचं कारण गावाला ठाऊक नव्हतं, आणि खुद्द शनवार तेल्यांनाही ते धड सांगता आलं नसतं. फार तर ते एवढंच म्हणाले असते, की आमच्यात शुक्रवारी सूर्य बुडाला की घाण्याचा बैल सोडतात.

हे आपल्या कोकणातले बेने इस्राएल. आमच्या अंजनवेलहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला गेलं की अलिबागजवळ नवगाव लागतं. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचं गलबत तिथे फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं नवगावच्या किनाऱ्यावर पुरली. हे कोणत्या शतकात घडलं याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, आणि आजच्या विषयाला त्याची गरजही नाही. गरजेची गोष्ट अशी की गलबताबरोबर किताबही बुडाली. हिब्रू भाषा काही पिढ्यांत विसरली. धर्मगुरू नव्हताच. उरला तो अल्लाह एक आहे अशी साक्ष देणारा, ‘शेमा’ नावाचा एक छोटासा पाठ, आपल्या कलम्यासारखा. जन्म असो, सुंता असो, लग्न असो की मयत, प्रत्येक वेळी तोच म्हणायचा. दुसरं काही पाठच नव्हतं.

आणि तरीही शनिवार पाळला. मुलगा आठ दिवसांचा झाला की सुंता केली. बिनखवल्याचा मासा खाल्ला नाही. सण पाळले, पण त्यांची मूळ नावं हरवली होती म्हणून कोकणी नावं दिली. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ साली या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला, तो छापला गेला १९३७ साली तेल अवीवमध्ये. त्यातली सणांची यादी वाचताना मला आपल्या आळीत फिरल्यासारखं वाटतं. नवीन वर्षाचा तो ‘नव्याचा सण’. मग ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, ज्याला बाकीचे यहुदी योम किप्पूर म्हणतात, तो ‘दरफाळणीचा सण’. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात बसायचं, परक्या माणसाला शिवायचं नाही. दुसरा दिवस ‘शिळा सण’. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा दिवस तो ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं खायचं. एका महिन्याच्या रोज्यांना ते ‘रमझान’ म्हणत. एलिया पैगंबरांचा, म्हणजे आपल्या हजरत इलियासांचा, ‘उरूस’ करत, त्यात पोहे, गूळ, नारळ आणि फळं यांचा मलिदा असे. मलिदा हा शब्द आपण कुठून घेतला आणि त्यांनी कुठून, हे शोधत बसण्यापेक्षा तो दोघांच्या परातीत एकच आहे हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तर प्रश्न असा. विचारायला आलीम नाही, वाचायला किताब नाही, आणि अल्लाह तर कानात येऊन बोलत नाही. मग त्याची मर्जी काय हे ओळखायचं कसं?

यावर यहुदी आलिमांनी हजार-दीड हजार वर्षं डोकं चालवलं आहे. आपण मुसलमान मराठीत त्याबद्दल जवळजवळ काहीच वाचत नाही. बनी इस्राएल म्हटलं की आपल्याला सूरह बकराहमधली गाय आठवते आणि तिथेच आपण थांबतो. पण ती गोष्टच नीट पाहा. हुकूम झाला होता एक गाय कुर्बान करण्याचा, बस. कोणतीही केली असती तरी चाललं असतं. पण लोक विचारत गेले, वयाने कशी, रंगाने कशी, कामाला जुंपलेली की न जुंपलेली. प्रत्येक प्रश्नाबरोबर हुकूम अरुंद होत गेला आणि शेवटी हवी तशी गाय मिळणं मुश्कील झालं. अल्लाह जिथे गप्प राहिला होता तिथे त्याची रहमत होती, ती यांनी स्वतःच्या तोंडाने घालवली. आपल्याकडे ही गोष्ट ‘पाहा ते कसे होते’ म्हणून सांगतात. मला ती आपल्यावरच रोज घडताना दिसते. मोबाईलवर एखाद्या मुफ्तीला विचारलेले प्रश्न वाचा. दात घासताना अमुक झालं तर, घड्याळ कोणत्या हातात घालावं तर. आणि जिथे खरोखर काळीज कुरतडायला हवं, शेजारी उपाशी आहे, बहिणीचा हिस्सा आपल्या नावावर आहे, तिथे एकही प्रश्न नाही.

यहुदी शरीयतीला हलाखा म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ चालण्याशी जोडलेला आहे, जसा शरीयतचा अर्थ पाण्याकडे जाणाऱ्या वाटेशी. दोन्हीकडे वाटच. पण वाट म्हटली की तिला कडा आली, आणि कडेपर्यंत जायला हरकत नाही असं म्हणणारे लोक आले. यहुदी आलिमांना हा माणूस फार आधी ओळखू आला. इराकमध्ये जमवलेल्या तल्मूदमध्ये ‘मधला दरवाजा’ नावाचा एक भाग आहे. विषय सगळा व्यवहाराचा, सापडलेली वस्तू, मजुरी, उधारी, जमीन. त्यात एक आलिम म्हणतात की जेरुसलेम उद्ध्वस्त झालं ते तिथले काझी तौरातच्या कायद्याप्रमाणेच न्याय करत होते म्हणून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. कायद्याप्रमाणे न्याय केला म्हणून शहर पडलं? पण तसंच आहे. कायदा जेवढा देतो तेवढ्यावरच अडून बसले, रेषेच्या अलीकडे कुणी थांबलं नाही. ‘रेषेच्या अलीकडे’ हा त्यांचा शब्दप्रयोगच आहे. माझा हक्क जिथपर्यंत जातो, त्याच्या आतच मी पाय थांबवायचा.

त्याच भागात हमालांची गोष्ट आहे. रब्बा बर बर हाना नावाच्या एका आलिमाचं दारूचं पिंप वाहून नेताना हमालांनी फोडलं. नुकसान झालं म्हणून त्याने त्यांच्या चादरी उतरवून घेतल्या. हमाल राव या मोठ्या काझीकडे गेले. राव म्हणाले, चादरी परत दे. हा काय कायदा झाला, असं त्याने विचारलं. होय, म्हणाले, आणि भल्या माणसांच्या वाटेने चालण्याबद्दलचं किताबातलं एक वचन त्याला ऐकवलं. मग हमाल म्हणाले, आम्ही गरीब, दिवसभर राबलो, पोटात भूक आहे आणि हातात काही नाही. राव म्हणाले, जा, यांची मजुरी दे. पुन्हा तोच प्रश्न, हा कायदा आहे का? पुन्हा तेच उत्तर, होय.

वर्गात सांगताना मी पिंपात तेल घालतो, दारू नाही. आठवीतली एक मुलगी एकदा म्हणाली, सर, मग पिंपाचे पैसे कुणी भरायचे? अगदी बरोबर प्रश्न. रब्बाने भरायचे, हेच उत्तर. आणि गोष्टीची मेख ही, की राव हे आलिमाला सांगताहेत, वाटेवरच्या कुणालाही नाही. जो जास्त जाणतो त्याच्यावर न सांगितलेल्या हुकुमाचा बोजा जास्त. सांगितलेला हुकूम सगळ्यांना सारखा असतो. न सांगितलेला तसा नसतो.

याचा सगळ्यात स्वच्छ खुलासा स्पेनमधल्या गिरोनाच्या मोशे बेन नहमान यांनी केला. ११९४चा जन्म, राजासमोर ख्रिस्ती पंडिताशी वादविवाद केला १२६३ साली बार्सिलोनात, त्यापायी देश सोडावा लागला आणि म्हातारपणी जेरुसलेमला गेले. तौरातमध्ये एके ठिकाणी एवढंच म्हटलं आहे की परमेश्वराच्या नजरेत जे सरळ आणि चांगलं ते करा. आता बाकीचे हुकूम इतके बारीक सांगितले असताना हे मोघम वाक्य कशाला? मोशे बेन नहमान म्हणतात, शेजाऱ्यांचे आपसातले संबंध, देणंघेणं, शहराचा कारभार, हे सगळं एका किताबात लिहून पुरं होणारं नाही. म्हणून काही गोष्टी नावानिशी सांगितल्या, चुगली करू नका, सूड घेऊ नका, म्हाताऱ्यासमोर उठून उभे राहा, आणि त्यातून वळण लागल्यावर पुढचं तुम्ही ओळखा असं म्हटलं. शिक्षकाला हे लगेच पटतं. पाच गणितं फळ्यावर सोडवून दाखवायची, सहावं मुलाने करायचं. सहावं फळ्यावर नव्हतं म्हणून केलं नाही, असं सांगणाऱ्या मुलाला आपण पहिली पाचही समजली नाहीत असंच धरतो.

याच आलिमाने आणखी एक कडक शब्द वापरला आहे. तौरातच्या परवानगीने नीच होणारा माणूस. खाणं हलाल, पण अधाशासारखं. बोलणं खोटं नाही, पण विखारी. कुठलाही कलम मोडलेला नाही. असा माणूस कसा दिसतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तीन तलाक एका दमात देणारा नवरा आठवा. आपल्याकडच्या बहुतेक फिकहच्या किताबांत तो तलाक नापसंतही आहे आणि लागूही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पुरुषांनी त्यातला ‘लागू’ तेवढा शब्द उचलला आणि ‘नापसंत’ मौलवींच्या किताबात सोडून दिला. आमच्या वाशिष्ठीच्या वरच्या अंगाला, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले. दलवाईंचं सगळं मला पटत नाही, दीनाबद्दलचं तर नाहीच. पण त्या सात जणी जे मागत होत्या ते अल्लाहच्या मर्जीविरुद्ध होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांचं म्हणणं आपल्या आलिमांनी तेव्हा ऐकलं असतं तर २०१७ साली सुप्रीम कोर्टाकडून आणि २०१९ साली संसदेकडून ऐकण्याची वेळ आली नसती. जर्मनीतल्या माइंझचे रब्बी गेर्शोम यांच्या नावाने हजार वर्षांपूर्वीचा ठराव आहे, की बायकोच्या मर्जीशिवाय तिला तलाक द्यायचा नाही आणि एकीवर दुसरी करायची नाही. तौरातमध्ये दोन्हीची मनाई नाही. तरी त्यांनी मना केलं, आणि युरोपातल्या यहुद्यांनी मानलं. कोर्टात न जाता.

जमिनीचं उदाहरण तर आपल्या अंगणातलंच आहे. मोशे बेन नहमान यांनी दिलेला दाखला असा, की माणूस शेत विकायला निघाला तर बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याचा त्यावर पहिला हक्क. परक्याने विकत घेतलं, तर शेजारी तेवढीच किंमत मोजून ते त्याच्याकडून घेऊ शकतो. तौरातमध्ये हा कायदा नाही. ‘सरळ आणि चांगलं ते करा’ या एका वाक्यातून आलिमांनी तो काढला. परक्याला चार ठिकाणी जमीन मिळेल, शेजाऱ्याला बांधाजवळ एकच.

आपल्याकडे याला शुफा म्हणतात. हनफी मसलकात शेजाऱ्यालाही शुफा आहे. पण आपण कोकणी मुसलमान शाफई, आणि शाफई मसलकात शुफा फक्त हिस्सेदाराला, म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला. बांधाच्या पलीकडचा कितीही जवळचा असो, त्याला कायद्याने काही नाही. आमच्या इकडे वीज प्रकल्प आला, पुढे पर्यटक येऊ लागले, गोपाळगडाकडच्या रस्त्यावर गाड्या दिसू लागल्या, तसे वाड्यांचे भाव बदलले. चाळीस वर्षं ज्याच्या विहिरीचं पाणी प्यायलं त्याला कळतं कधी, तर मुंबईच्या माणसाचे गडी कुंपणाचे खांब घेऊन येतात तेव्हा. विचारलं तर विकणारा म्हणतो, शरीयतने तुझा हक्क कुठे आहे दाखव. नाही आहे. तो खरं बोलतो आहे. इमाम शाफईंनी त्याला परवानगी दिली आहे आणि त्या परवानगीत राहूनच त्याने हे केलं.

मला कुणी विचारेल, की ठीक आहे, पण मग उद्या जो तो म्हणेल, मला आतून वाटतं अल्लाहची अशी मर्जी आहे. याला आवर कुठे? ही भीती खोटी नाही. गेल्या काही वर्षांत ‘माझं मन साफ आहे’ म्हणत नमाज सोडलेले लोक मी पाहिले आहेत, आणि ‘मला इशारा झाला’ म्हणत दुसऱ्याचं घर मोडणारेही. आपल्याकडे एक मशहूर रिवायत आहे, की लोकांनी फतवा दिला तरी तू आपल्या काळजाला विचार. हजरत वाबिसांना रसूलुल्लाहनी तसं सांगितलं. ती सांगणारे हे विसरतात, की ते काळीज वाबिसांचं होतं, रसूलच्या शेजारी बसून घडलेलं. आणि त्यात काळजाला विचारायचं ते बहुधा फतव्यापेक्षा कडक उत्तर मिळावं म्हणून, सूट मिळावी म्हणून नव्हे. माझं काळीज नेहमी मला सोयीचंच सांगत असेल, तर तो काळजाचा आवाज नसावा.

यहुद्यांकडेही याचं उत्तर एका गोष्टीत आहे, तल्मूदच्या त्याच भागात. एका मातीच्या भट्टीवरून आलिमांत वाद झाला, पाक की नापाक. रब्बी एलिएझर एकटे एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. एलिएझर म्हणाले, मी बरोबर असेन तर हे झाड साक्ष देईल. झाड उपटून दूर जाऊन पडलं. बाकीचे म्हणाले, झाड म्हणजे दलील नव्हे. मग ओढ्याचं पाणी उलटं वाहिलं, मदरशाच्या भिंती कलल्या, शेवटी आकाशवाणी झाली की एलिएझर बरोबर आहेत. तेव्हा रब्बी यहोशुआ उभे राहिले आणि म्हणाले, तौरात आता आकाशात नाही. ती आम्हाला दिली आहे, निकाल आम्ही बहुमताने करणार. पुढे एका रब्बींना एलिया पैगंबर भेटले, त्यांना विचारलं, त्या घडीला परमेश्वराने काय केलं? ते म्हणाले, तो हसला, आणि म्हणाला की माझ्या लेकरांनी मला हरवलं.

म्हणजे चमत्कार नको, इशारे नकोत, एकट्याचं ‘मला वाटतं’ तर नकोच. बसा, बोला, दलील द्या, एकमेकांचं ऐका. एवढ्यावर बहुतेक लोक ही गोष्ट थांबवतात. तल्मूद थांबत नाही. वाद हरलेल्या एलिएझरांना बाकीच्यांनी वाळीत टाकलं. ते ऐकून ते जमिनीवर बसून रडले, आणि त्या रडण्याने जगातली पिकं करपली. निकाल देणाऱ्यांच्या प्रमुखाचा पुढे मृत्यू झाला तो त्या दुःखाच्या आहामुळे, असंही तिथे आहे. कायद्याने बहुमत बरोबर होतं. पण बरोबर असताना माणसाला दुखवायचं नाही, हा न सांगितलेला हुकूम त्यांनी मोडला. हे सगळं प्रकरण तल्मूदमध्ये येतं ते शब्दांनी दुखवण्याच्या मनाईवर चर्चा चालू असताना, भट्टीच्या निमित्ताने नव्हे. आपल्या मशिदींच्या जमातींत मसलकांवरून फाटाफूट होते, एकमेकांच्या जनाज्याला जायचं बंद होतं, तेव्हा मला एलिएझर आठवतात.

आता परत शनवार तेल्यांकडे. त्यांची पारख पुढे दाऊद रहाबी नावाच्या परदेशी यहुद्याने केली. कुणी त्यांना फार जुन्या काळात नेतं, बरेच अभ्यासक कोचीनच्या रहाबी घराण्याशी, म्हणजे अठराव्या शतकाशी जोडतात. शनिवारी बंद असणारे हे तेली आपलेच असावेत अशी शंका येऊन त्यांनी घरातल्या बायकांकडे सगळ्या तऱ्हेचे मासे मिसळून रांधायला दिले. बायकांनी खवल्याचे आणि पंखांचे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला काढले. झाली खात्री. (आमच्या घरात ही परीक्षा घेतली असती तर आम्ही सपशेल नापास. शाफई मसलकात समुद्रातलं जवळजवळ सगळं हलाल, त्यामुळे मुशी काय आणि कोळंबी काय, सगळं एकाच तव्यावर.) मग रहाबींनी तीन घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केलं, झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. त्यांना पदवी मिळाली काझी.

मला या गोष्टीत दिसतं ते असं, की रहाबी पुरुषांना शेमाचा अर्थ विचारत बसले नाहीत. स्वयंपाकघरात गेले. शतकानुशतकं अल्लाहची मर्जी टिकली होती ती मासा साफ करणाऱ्या हातांत. ‘का’ विसरलं होतं, ‘कसं’ शाबूत होतं. आपण शिकलेली माणसं याच्या उलट आहोत. ‘का’ तोंडपाठ.

पण नुसत्या हातांवर भागतं असंही मी म्हणणार नाही. बेने इस्राएलांनीही म्हटलं नाही. किताब मिळायची संधी आली तशी त्यांनी ती घट्ट धरली. कोचीनहून शिक्षक आले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी हिब्रू शिकवलं, मराठीतून जुना करार हातात दिला. मिशनऱ्यांचा हेतू वेगळा होता, पण झालं ते असं की फार थोडे ख्रिस्ती झाले आणि बाकीचे जास्त पक्के यहुदी झाले. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी यहुदी प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. तेव्हा त्यांना कळलं की दरफाळणीचं खरं नाव काय, आणि हनुक्का नावाचा एक सण आपल्याकडे नव्हताच. काही जुन्या रिती सोडल्या. मलिदा मात्र सोडला नाही. तो आजही होतो, नवस फेडताना, लग्नाआधी, आणि त्यात एलियांचं नाव घेतलं जातं. अलिबागजवळच्या एका कातळावर त्यांच्या रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात.

याच लोकांना १९६२ साली इस्राएलमध्ये जे सोसावं लागलं ते वाचून आजही अंगावर काटा येतो. तिथल्या मुख्य रब्बीसंस्थेने फर्मान काढलं, की बेने इस्राएल माणसाचं लग्न इतर यहुद्याशी लावण्याआधी त्याच्या आई-आजीपासून मागे जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करा. शंका ही, की किताब नसलेल्या काळात यांनी तलाकाचे आणि विधवेचे नियम बरोबर पाळले असतील कशावरून? शंका शास्त्राला धरून होती. कलमं दाखवता येत होती. नवगावला बुडालेल्या कागदांचा हिशेब आता दोन हजार वर्षांनी मागितला जात होता, आणि ज्यांनी एकही कागद नसताना शनिवार पाळला त्यांच्याकडे. १९६४च्या उन्हाळ्यात मराठी बोलणारी ही माणसं बायकापोरांसह जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, त्यांच्यात भेद करू नये. त्यानंतर फर्मानातून त्यांचं नाव निघालं. जेरुसलेम कशामुळे पडलं हे ज्यांच्या किताबात लिहिलं आहे, त्यांच्याच शहरात हे झालं.

याच्यापुढे एक कोकणातली आख्यायिका ठेवावीशी वाटते. सॅम्युएल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतले बेने इस्राएल अधिकारी. टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. मारण्याआधी कौम विचारली तेव्हा म्हणाले, बेने इस्राएल. हे ऐकून टिपूच्या आईने मुलाला थांबवलं, की या लोकांचा उल्लेख कुराणात आहे, मी कधी पाहिले नव्हते, यांना मारू नकोस. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला शार हारहमीम हे पहिलं सिनेगॉग बांधलं. ‘रहमतीचा दरवाजा’ असा त्या नावाचा अर्थ. लोक त्याला मशीद म्हणत, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं सांगतात. कैद आणि सिनेगॉग हा इतिहास आहे, आईचं बोलणं आख्यायिका. पण बेने इस्राएलांनी ती सांगत ठेवली. कुराणात यहुद्यांना कैदेतून सोडा असा काही हुकूम नाही. तिने नुसतं नाव वाचलं होतं, आणि पुढचं ओळखलं.

आता आपल्याकडचे लोक. गावात दोन तऱ्हा आहेत. एक म्हणतात, किताबात दाखवा. फातिहा दाखवा, मलिदा दाखवा, उरूस दाखवा. बरं, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, उरुसावर कर्ज काढणारी घरं मीही पाहिली आहेत. पण हीच माणसं बहिणीच्या हिश्शाची वेळ आली की तहसीलदार कचेरीत तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतात आणि म्हणतात, आपल्यात रीतच आहे. मुलीचा हिस्सा कुराणात आकड्यांत लिहिलेला आहे! तिथे किताब नको, रीत हवी. दुसऱ्या तऱ्हेचे लोक म्हणतात, बापजाद्यांची रीत तीच आमची शरीयत. पण रीत शेजाऱ्याला विचारून वाडी विकण्याची असते तेव्हा त्यांनाही एकदम किताब आठवते. दोघेही सवड काढतात, आपापल्या कपाटातून. शनवार तेल्यांची शनिवारी घाणा बंद ठेवण्यात काय सवड होती? आठवड्याला एक दिवसाची मजुरी बुडत होती, आणि शनिवारी घाणा चालू ठेवणाऱ्याकडे गिऱ्हाईक जात असणार. न सांगितलेला हुकूम खरा की मनाचा खेळ, याची मला सापडलेली एकच खूण ही आहे, की तो पाळताना खर्च आपला होतो की दुसऱ्याचा.

गेल्या मोसमाआधी आमच्या बाजूला एका म्हाताऱ्या चाचांनी वाडी काढली. मुंबईहून गिऱ्हाईक तयार होतं, रोख. चाचांनी त्याला थांबायला सांगून आधी बांधाशेजारच्या कुटुंबाकडे निरोप पाठवला, किंमत तीच, घेणार का? ते कुटुंब मुसलमानही नाही. त्यांच्याकडे निम्मे होते. चाचा म्हणाले, हापूस निघू दे, मग बघू. मुलगा आखातातून रोज फोन करून बापावर चिडतो आहे, की अब्बा, शाफई फिकहमध्ये शेजाऱ्याला शुफा नाही. चाचा त्याला म्हणतात, असेल. आंबा या वर्षी उशिरा आला, आणि वाडीचं खरेदीखत अजून व्हायचं आहे.